उस्तादांच्या बाजूचा ब्रेक

सीटबेल्टच्या खाचेत बसेल अशी एक चपटी पोलादी जीभ बाजारात मिळते. नुसती जीभ, मागे पट्टा नाही. ती खाचेत खुपसली की गाडीची समजूत पटते, बाईंनी पट्टा लावलाय, आणि तिचं ते टुंग टुंग थांबतं. असल्या दोन जिभा मी सांगलीतल्या एका दुकानातून हौसेनं आणल्या होत्या. एक मला आणि एक आमच्या ह्यांना, लग्नाच्या वाढदिवसाची भेट. वर वाघाचं तोंड कोरलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "मावशी, लय खपतंय बघा हे," आणि मला वाटलं, एवढे लोक घेतायत म्हणजे शहाणपणाचंच असणार.

तेव्हा मी तरुण होते. साठीची. नुकतंच लायसन मिळालं होतं, मुलानं धाडलेली नवी कोरी गाडी दारात उभी होती आणि या जगात आता आपल्याला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही अशी माझी पक्की खात्री झाली होती. पट्ट्यानं कडक इस्त्रीची सुती साडी चुरगळते, एवढंच काय ते दुःख. कडेगावात मुलींच्या शाळेत मी अख्खी नोकरी कॉप्या पकडण्यात घालवली. कुणाच्या बाहीत, कुणाच्या मोज्यात, कुणी कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली. आणि त्याच कडक बाईनं साठाव्या वर्षी गाडीसमोर कॉपी केली, वर नवऱ्यालाही पुरवली.

ती पकडली उस्तादांनी.

उस्ताद म्हणजे ज्यांनी मला गाडी शिकवली ते. फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातल्या घाटांतून ट्रक चालवून आलेले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि हाक तीच ठेवली. निम्म्या गावाला त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. मला आहे, पण मी इथं सांगणार नाही, कारण पुढे मला त्यांचं एक गुपित फोडायचंय.

तर उस्ताद एकदा माझ्या नव्या गाडीत बसायला म्हणून वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"बाई, ह्ये काय?"

"काही नाही हो, वाजू नये म्हणून."

त्यांनी जीभ उपटली, वाघाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गाडी इचारती, बाई, जित्तं घरी यायचं हाय का? आन तुमी तिला थाप मारता, आले म्हनून."

दोन्ही जिभा त्यांनी खिशात घातल्या. एकीनं ते नंतर वहाणांचा चिखल खरवडायचे. दुसरीचं काय केलं, ठाऊक नाही. मी मात्र तेव्हापासून चुरगळलेल्या साडीत हिंडते आणि कुणी काही म्हटलं तर सांगते, फॅशन आहे.

आता यावरून कुणाला वाटेल की उस्ताद म्हणजे गाडीतल्या सगळ्या सुरक्षेच्या सामानाचे मोठे कैवारी. छे! त्यांचा त्या सामानावर दात होता. पट्ट्याला ते करदोडा म्हणायचे, एअरबॅगला फुगा आणि वाजणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पिपाणी. "करदोडा बांधा, त्येला माझी ना न्हाई. पर पिपाणी वाजली म्हनून बांधू नका. वाजल्याव बांधणारा मानूस न वाजनाऱ्या गाडीत मरतो." आणि सरकारनं अमुक फुगे सक्तीचे केले, तमुक पिपाणी सक्तीची केली अशी काही बातमी आली की पेपर घडी करून मांडीवर आपटायचे. "सहा द्या न्हाईतर साठ द्या. गाडी हाय का जत्रा? पुढं बसलेल्याच्या डोस्क्यात काय सक्तीचं करनार, त्ये सांगा की."

त्यांच्याकडे पहिल्या दिवशी गाडी नसायचीच. पहिल्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. मी उत्साहानं चप्पल टाकून बूट घालून गेले होते, ह्यांचे. आणि उस्तादांनी मला एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर नेऊन उभं केलं. हातात पिशवी नाही, काही नाही. शाळेतल्या जुन्या मुली जाता-येता विचारतायत, "बाई, कुनाची वाट बघताय?" आणि मी आपली हसतेय.

तासाभरानं उस्ताद आले. "काय बगितलं?"

"गाड्या."

"मान्सं न्हाई बगितली?"

"बघितली की."

"त्यो दूधवाला, मान वाकडी करून फोनवं बोलत गेला त्यो. ती पोरं धरलेली बाई, एक पोरगं सुटलं हुतं तिच्या हातातनं. त्यो म्हातारा, मदी थांबून धोतर सावरनारा. बगितली न्हवं? मग तुमी गाडीत असता तर ह्येतलं कोन वाचलं असतं, सांगा."

मला एकही धड सांगता येईना. शाळेत मी ज्या मुलीला उभं करायची तिला कसं वाटत असेल हे मला त्या दिवशी कळलं आणि मुळीच आवडलं नाही. दुसऱ्या दिवशीही कोपराच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "उस्ताद, फी घेतलीय तुम्ही, गाडी तरी दाखवा." तर म्हणाले, "दावतो," आणि गाडीभोवती प्रदक्षिणा घालायला लावली. चारही टायरांना हात लावायचा, वाकून खाली कुत्रं-मांजर झोपलंय का बघायचं, मग ओरडायचं, "ठीक, उस्ताद!" मी हळूच म्हटलं. ते म्हणाले, ऐकू आलं न्हाई. मी जरा मोठ्यानं म्हटलं. "फौजेत ह्येला कुजबुज म्हंत्यात." शेवटी मी असं ओरडले की समोरच्या दुकानातला वाणी बाहेर आला.

आणि हाच माणूस स्वतःच्या जुन्या मोपेडवरून हेल्मेट न घालता जायचा. डोक्याला पटका. मी एकदा भर चौकात विचारलं, "उस्ताद, टोप कुठाय?"

"पटका हाय की. ह्येचे येढे बगा किती."

"पटक्याला कुणी शिक्का मारलाय का, डोकं फुटणार नाही म्हणून?"

"टोप घातला की कान बंद हुत्यात. ड्रायव्हरचं निम्मं काम कानानं असतंय, बाई."

पटलं नाही मला. आजही पटत नाही. पण उस्तादांना आपलं म्हणणं पटलेलं असलं की दुसऱ्याला पटवायची गरज वाटायची नाही. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा तो पटका धुवायला म्हणून नेला आणि जागेवर हेल्मेट ठेवलं. उस्तादांनी त्यात कोंबडीची अंडी ठेवली.

आता ते गुपित.

उस्तादांच्या शिकवायच्या गाडीला, कायद्यानं लागतो तसा, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता. पण त्या पेडलला लाल चिंधी बांधलेली असायची आणि गाडीत पहिल्यांदा बसवतानाच ते प्रत्येकाला ती दाखवायचे. "ह्यो तुटल्याला हाय. ह्येच्या भरवशाव ऱ्हाऊ नका. थांबवायची झाली तर तुमीच थांबवायची, न्हाईतर दोघंबी गेलो." हे ते इतक्या निवांतपणे सांगायचे की ऐकणारा आधी आपल्या बाजूचा ब्रेक चाचपून बघायचा. आख्ख्या तालुक्यात त्यामुळे त्यांची ख्याती होती. ज्याच्याकडे ब्रेक नाही तो मास्तर. आयांनी पोरांना त्यांच्याकडे पाठवताना देवाला नारळ बोलावा आणि तरी त्यांच्याकडेच पाठवावं, कारण उस्तादांकडून शिकलेलं पोर गाडी ठोकत नाही अशी बोलवा होती.

मी तर सुरुवातीला एवढी भ्यायले होते की दर पाच पावलांना ब्रेक मारायची. मागून येणारे शिव्या द्यायचे. उस्ताद खूश. "मारा, मारा. पायाला सवं लागू दे."

मग भीती मोडली. मोडायला नको होती, पण मोडली. ऊसतोडीचे दिवस होते, दिवस बुडाला होता, आम्ही पलूसकडून परत येत होतो आणि मी उस्तादांना एक किस्सा रंगवून सांगत होते, एका मुलीनं वेणीच्या रिबिनीवर इतिहासाचा धडा कसा लिहून आणला होता तो. सांगताना मी वेणी कशी होती ते एका हातानं दाखवत होते. आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे अशी की माझं नाक स्टेअरिंगपाशी. समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, उसाची ट्रॉली. पाठीमागे ना दिवा, ना लाल कागद, नुसता अंधारात मिसळलेला काळा ढीग, आणि बाहेर आलेल्या उसांची टोकं काचेपाशी डुलतायत.

मला उसाचा वास आला. मग माझ्या लक्षात आलं की माझा पाय ब्रेकवर नाहीच. तो होता तिथेच, अॅक्सिलरेटरवर.

मी खाली पाहिलं. लाल चिंधीवर उस्तादांचा पाय होता. सगळ्या वजनासकट.

"उस्ताद, तुमच्या बाजूचा ब्रेक तुटलाय ना?"

"तुटल्यालाच हाय."

"मग गाडी कशी थांबली?"

"देवानं थांबवली."

"देवाच्या पायात तुमची वहाण कशी?"

त्यांनी पाय उचलला. खिशातून रुमाल काढला, मान पुसली. "बाई," ते म्हणाले, "ह्ये कुनाला बोलायचं न्हाई. शपत घ्या."

"म्हणजे पहिल्यापासून चालतोय?"

"चालतोय म्हंजे? दर आटवड्याला मी सोता तपासतो त्यो. मी काय येडा हाय का, शिकाऊ पोरांच्या शेजारी बिनब्रेकचा बसायला?" मग आवाज खाली आणून, जवळजवळ विनवणीनं म्हणाले, "पर त्यास्नी कळलं, उस्ताद हाय ब्रेक मारायला, की त्यंचा पाय सुस्तावतो. ब्रेक आसावा, बाई. शंबर टक्के आसावा. फकस्त चालवनाऱ्याला त्ये ठावं नसावं."

मी शपथ घेतली. ती आज मोडतेय. उस्तादांची शाळा बंद झाली, शिकवायची गाडी भंगारात गेली, आता कुणाचा पाय सुस्तावायचा राहिलाय? पण त्या संध्याकाळपासून माझी एक खोड झाली ती झाली. मी कुणाच्याही गाडीत पुढे डाव्या बाजूला बसले की माझा उजवा पाय खाली चाचपत राहतो. नातू म्हणतो, आज्जी, तिथं काही नाहीये. असेना. तुला काय ठाऊक?

उस्तादांचा मुलगा पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. गुणी मुलगा, बापासारखाच हेकट. सुट्टीला आला की दोघांची जुंपायची, आणि मी मुद्दाम साखर मागायला म्हणून जायची. घरात साखरेचं पोतं असलं तरी.

"आबा, माणूस चुकणारच. दमतो, झोप येते, फोन वाजतो. म्हणून गाडीनं सांभाळायचं."

"गाडीनं सांभाळलं की मानूस चुकायला मोकळा."

"म्हणजे मरू द्यायचा?"

"मी कुटं म्हनलं मरू द्या? मी म्हनलं, शिकू द्या!"

"शिकेपर्यंत जगायला नको का, आबा?"

यावर उस्ताद उठून मोपेड पुसायला लागायचे. पुसायची नसली तरी. माझ्या मते पोरगा जिंकायचा, पण तो पुण्याला गेला की उस्ताद मला सांगायचे, "बगितलं? कसा गप केला."

मग उस्तादांचं काहीतरी बिघडायला लागलं. एकदम नाही. बशीत चहा ओतताना तो बशीच्या कडेवरून खाली. समोरून गेलेल्या माणसाला हाक नाही, आणि लोक म्हणतायत, उस्तादाला माज आला. शेजाऱ्याच्या कट्ट्याला गाडी घासली, तर म्हणे, "कट्टा पुढं घेतलाय त्यानं." कट्टा आजोबांच्या वेळचा. मोपेड ते हातात धरून चालवत आणायला लागले. शिकवणं गुडघ्याचं निमित्त काढून बंद केलं. पण स्वतःची गाडी सोडली नाही. दर महिन्याला वहिनींना साखरेच्या दुखण्यासाठी सांगलीला न्यायचं, ते स्वतःच. दुसऱ्या कुणी नेतो म्हटलं तर म्हणायचे, "माझी बायकू हाय का तुजी?"

दिवाळीत मुलानं नवी गाडी आणून दारात उभी केली. तिला सगळं होतं. पुढं काही आलं की वाजायची, पट्टा सोडून गेलं की वाजायची, मागं घेताना वाजायची, आणि वेळ आली तर म्हणे स्वतःच ब्रेक मारायची. फुगे तर इतके की उस्तादांनी विचारलं, कारल्याच्या वेलासारखे लावलेत का. मला बाजूला घेऊन मुलगा म्हणाला, "मावशी, आबांची नजर कमी झालीय असं आईला वाटतं. ते कबूल करणार नाहीत. म्हणून ही घेतली. आता काळजी नाही, गाडी बघते."

मला त्या क्षणी बोलायला हवं होतं. गाडी बघते म्हणजे काय रे बाबा? पण मी मान डोलावली. मुलगा गाडी देऊन मोकळा, गाव कुजबुजून मोकळं. गावात त्यांच्याकडून गाडी शिकलेले दोनशे तरी असतील; त्यांतल्या एकानं उस्तादांना जाऊन सांगावं, की उस्ताद, तुम्हाला दिसत नाही, आता उतरा? फौज गेली, शाळा गेली. गाडी गेली तर उस्तादांचं काय उरणार? आणि नाही गेली तर रस्त्यावर कोण उरणार? मला झोपेत त्यांची ती पांढरी नवी गाडी दिसायची आणि मी ह्यांना लाथ मारून उठवायची. म्हणजे ब्रेक मारायची.

शेवटी मी ठरवलं, आपणच सांगायचं. पकडलेली कॉपी समोर ठेवायची सवय आहे आपल्याला. पुढच्या महिन्यात ते सांगलीला निघाले तेव्हा मलाही काम आहे असं खोटंच सांगून मी गाडीत बसले. उस्ताद स्टेअरिंगवर, मी शेजारी, वहिनी मागे. तिघांनीही करदोडे बांधले. उस्तादांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, टायरांना हात लावला. हात जरा जास्त वेळ लावला.

आणि खरं सांगते, ते सुरेख चालवत होते. मी डोळे वटारून बसलेली, पाय खाली चाचपतोय, आणि हे आपले ऐटीत. गतिरोधकाच्या आधी बरोबर वेग कमी, एसटीला बाजू, म्हशींना वाट. मला वाटायला लागलं, गावानं उगाच उठवलंय. अडचण होती ती फक्त वहिनींची. त्या बाई एक क्षण गप्प बसतील तर शपथ.

"आगं बया, म्हसरं बगा किती, ह्या अंगालाच सगळी. आला बगा लाल डबा, कसा मदनंच येतोय त्यो! मोडला हुता माझा मनका मागल्या खेपंला ह्या उंचवट्यानं, आलाच बगा त्यो. आन ही सायकलवाली पोरगी, आयबापानं शिकवलं न्हाई का कडंनं जायाला..."

मी तोंड उघडावं, उस्ताद म्हणावं, की मागून एखादा छकडा नाहीतर कुत्रं निघायचंच. मी शिक्षिका. वर्गात बडबड चालू असताना मला बोलता येत नाही. चिडचिड वाढत चालली होती, सांगली जवळ येत चालली होती, आणि होता तो धीर सुटत चालला होता. शेवटी मी मागे वळले आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "वहिनी, दोन मिनिटं तोंड मिटा की! मला उस्तादांशी महत्त्वाचं बोलायचंय."

वहिनी गप्प झाल्या. एकदम, नळ बंद केल्यासारख्या. उस्तादांची बोटं स्टेअरिंगवर आवळली गेली ते मी पाहिलं. मला वाटलं, मी काय बोलणार ते त्यांनी ओळखलं.

"उस्ताद, डोळे कधी दाखवले होते?"

"कशाला?"

"सहज विचारते."

"फौजेतनं आलो तवा येकदम टकाटक हुतं."

"ते तेव्हाचं. आत्ता?"

समोर रस्त्याच्या डाव्या कडेला एक बाई चालली होती, डोक्यावर उसाच्या वाड्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचा, भला मोठा हिरवा भारा. मला ती लांबूनच दिसत होती. वाटलं, आता हे वळवतील. आता वळवतील. भारा मोठा झाला, त्यातली पानं सुटी दिसायला लागली.

पुढचं सगळं एकदम झालं. गाडी किंचाळली. मागून वहिनी ओरडल्या, "आवं, बाई हाय म्होरं!" मी स्टेअरिंग धरून उजवीकडे ढकललं आणि उजव्या पायानं, जिथं काही नव्हतं तिथं, जीव खाऊन ब्रेक मारला. गाडी तिरकी होऊन थांबली. मुलगा पुढे म्हणाला, गाडीनंच ब्रेक मारला. उस्ताद म्हणाले, मी मारला. मी म्हणते, मी वळवली. वहिनींना कुणी विचारलंच नाही.

भारा रस्त्यात पडला होता. ती बाई चरातून उठून उभी राहिली, धडधाकट, कोपर खरचटलेलं, आणि काचेवर थाप मारून तिनं पहिला शब्द काढला:

"डोळं फुटलं का रं तुजं?"

आख्खा गाव दोन वर्षं जे बोलायला धजला नव्हता, मी ज्यासाठी खोटं बोलून गाडीत बसले होते, ते त्या बाईनं एका दमात सांगून टाकलं.

उस्ताद उतरले. रस्त्यावर उकिडवे बसून वाडं गोळा करायला लागले. एक हात मोकळ्या डांबरावरूनच फिरत होता आणि पानं त्याच्या वीतभर बाजूला पडलेली. ती बाई शिव्यांचा पुढचा हप्ता घेऊन आली होती, ती त्या हाताकडे बघत उभी राहिली.

"व्हय, ताई," उस्ताद म्हणाले. "फुटल्यात."

"आगं बाई." तिचा आवाज बदलला. "मंग गाडी कशाला चालवताय?"

"चालवत हुतो."

भारा तिच्या डोक्यावर चढवायला मी हात लावला. तिनं आणखी काही म्हटलं नाही, पण बराच वेळ वळून वळून बघत गेली. उस्ताद गाडीला धरून, पत्र्यावर तळहात घासत, डाव्या बाजूला आले आणि माझ्या दारापाशी उभे राहिले. मला आधी कळेना, ते कशासाठी थांबलेत. मग कळलं. मी उतरून पलीकडे गेले. सीट पुढे ओढायला मी तीनदा झटले तरी ती सरकेना. त्यानंतर उस्तादांनी कधीच गाडी चालवायला घेतली नाही; पण हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की ते शेजारी बसलेत, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, जसे काही ते कुणा दुसऱ्याचे हात आहेत.

मी गाडी रस्त्यावर घेतली. दुसरा टाकला, तिसरा टाकताना घरघर झाली.

"क्लच पुरा दाबा," उस्ताद समोर बघत म्हणाले. "डोळं गेल्यात माजं, कान न्हाईत."

मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू, आणि दोन्ही आवरून चालवायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. समोरून ट्रक आला, गेला. कोपऱ्यावर शाळा सुटली होती, पोरं रस्ताभर. एक कुत्रं आडवं गेलं. एक चांगला पाठीचा मणका मोडणारा गतिरोधक आला. आणि मागून एक शब्द नाही. मला ती शांतता सहन होईना. वाटलं, मी मघाशी तोडून बोलले ते लागलं असणार. आरशात पाहिलं तर वहिनी खिडकीला डोकं टेकवून, डोळे मिटून, शांत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गाडीत डोळे मिटलेलं पाहिलं नव्हतं.

"वहिनी, रागावलात का? बोला की काहीतरी."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आता कशाला बोलू, बाई? तुमाला दिसतंय की."